बाजूच्या सीटचा ब्रेक

दिवसभर लोकांच्या कवळ्या घासून मी घरी येते, तेव्हा माझ्यात खुर्चीवर बसण्यापुरतंच बळ उरलेलं असतं. त्या दिवसांत मी बसले रे बसले की आमचे हे गाडीचा विषय काढायचे, आणि ते उरलेलं बळही जायचं.

मी दातांच्या लॅबमध्ये काम करते. डॉक्टर तोंडाचं माप पाठवतात, आम्ही त्यात प्लास्टर ओततो, मेणात एकेक दात बसवतो आणि मग कवळी तयार झाली की घासत बसतो. बसत कसलं, उभंच राहावं लागतं. त्यात माझा डावा गुडघा गेला. गेला म्हणजे आहे तिथेच आहे, पण आमचं दोघांचं बोलणं बंद आहे.

यांना सगळे मास्तर म्हणतात. शाळेतले नव्हेत, ड्रायव्हिंगचे. सगळी हयात यांनी बाजूच्या सीटवर बसून लोकांना गाडी शिकवली. शिकवायच्या गाडीत बाजूच्या सीटपुढेही एक ब्रेक असतो. तो खालून एका दांडीने ड्रायव्हरच्या ब्रेकला जोडलेला असतो. शिकणारा गांगरला की मास्तर आपल्या बाजूचा ब्रेक दाबतात, ड्रायव्हरच्या पायाखालचं पेडलही आपोआप खाली जातं आणि गाडी थांबते. ही दांडी नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं रामायण तिचंच आहे.

यांची शिकवायची एक रीत होती. पहिल्या दिवसापासून पाय ब्रेकवर, डोळ्यांत तेल घालून बसायचे. पण शेवटच्या दिवशी पाय ब्रेकवर नसायचाच, सीटखाली दुमडून ठेवलेला असायचा. शिकणाऱ्याला त्याचा पत्ता नसायचा. तो आपला मास्तर आहेत या भरवशावर गर्दीतून, चढावरून गाडी काढायचा. परत येऊन गाडी उभी केली की हे म्हणायचे, "आज माझा पाय सीटखाली होता." बस, एवढंच. शाबासकी नाही, काही नाही. समोरचा हमखास म्हणायचा, मला कळलंच नाही मास्तर. त्यावर हे म्हणायचे, कळू नये म्हणूनच होता, आता ये. पुष्कळ जण त्या वाक्याला रडायचे. एक जाडजूड बँक मॅनेजर स्टिअरिंगवर डोकं टेकून रडला होता, ते मी खिडकीतून स्वतः पाहिलंय.

मला ते वाक्य कधी मिळालं नाही. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते काय खोटं आहे? सगळ्या जगाला शिकवलं, बायकोला नाही. मी विचारलं की म्हणायचे, तुला कुठे जायचंय सांग, मी आहे ना न्यायला. आणि खरंच होते, त्यामुळे भांडायलाही जागा नव्हती.

मग यांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. समोरचं दिसतं, पण दोन्ही बाजूंचं गेलं. माझ्याकडे बघून बोलतात, पण मी हातात चहाचा कप धरलाय हे त्यांना दिसत नाही. लायसन्सचं नूतनीकरण करायला गेले आणि तिथल्या डॉक्टरांनी नाही म्हणून सांगितलं. त्या दिवशी घरी येऊन यांनी गाडीची किल्ली खुंटीला लावली आणि जेवायला काय आहे म्हणून विचारलं. जेवले मात्र नाहीत. शिकवणीचा धंदा त्यांच्याच एका जुन्या विद्यार्थ्याला देऊन टाकला, पण गाडी नाही दिली. ती आमच्या इमारतीखाली तशीच उभी, दोन ब्रेकांसकट.

डोळ्यांचं हॉस्पिटल पार दुसऱ्या टोकाला. दोन बस बदलायच्या, आणि बसच्या पायरीवर यांचा पाय हमखास चुकायचा. एकदा पडता पडता वाचले, तेव्हा यांनीच म्हटलं, तू शीक. म्हणजे जन्मभर ज्याची वाट बघितली ते या अशा रीतीने दारात आलं. मी पन्नाशी ओलांडलेली, गुडघा असला, आणि मास्तर निम्मं जग न दिसणारे. पण शिकले. परीक्षा घेणारा साहेब बाजूला पाय लांब करून आरामात बसला होता, त्याला जांभया येत होत्या, आणि मी पास झाले.

साहेबाबरोबर येते ती गाडी नवऱ्याबरोबर का येऊ नये? पण येत नव्हती. मी ब्रेककडे पाय नेईपर्यंत पेडल आधीच खाली गेलेलं असायचं. सिग्नल लाल झाला, हे दाबणार. पुढच्या गाडीचा दिवा लागला, हे दाबणार. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, त्यातली गत. एवढी वर्षं ज्या पायाने माणसं वाचवली, त्या पायाला डोळे गेलेत हे सांगणार कोण? घरी आल्यावर मला खरंच कळायचं नाही, की आज गाडी मी थांबवली की यांनी.

तेही एक वेळ चाललं असतं. पण एकदा मोकळ्या रस्त्यावर, चांगल्या वेगात असताना, माझ्या पायाखालचं पेडल एकदम तळाला टेकलं. गाडी मधोमध उभी. मागून ट्रक येत होता. त्याने कशीबशी बगल दिली आणि ड्रायव्हर आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करत निघून गेला. मी विचारलं, अहो काय झालं? म्हणाले, कुत्रं आलं होतं. रस्त्यावर कुत्रं नव्हतं. झाडाची सावली होती. मी बघितली होती, पण बोलले नाही. गाडी परत चालू केली आणि घराकडे वळवली.

त्या दिवसापासून माझ्या मनात एकच गोष्ट होती. मला बाजूचा ब्रेक नसलेली गाडी हवी होती. नाहीतर एक दिवस आम्ही दोघंही त्या सावलीपायी जाणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. पण तसं म्हणायचं म्हणजे यांना म्हणायचं, की तुमचा पाय आता कामाचा नाही. लायसन्स गेलं, धंदा गेला, राहता राहिला तो एक पाय, आणि तोही मी काढून घ्यायचा? रोज ठरवायचे, आज बोलते. रोज थकून यायचे आणि उद्यावर टाकायचे.

अशात जुन्या गाडीचा क्लच इतका जड झाला, की तो दाबताना माझ्या डोळ्यांत पाणी यायचं. सिग्नलला उभं राहिलं की गुडघा ठणकायला लागायचा. आमची लेक दुसऱ्या शहरात असते, वीज मीटर तपासायच्या खात्यात आहे. तिने फोनवर निकालच दिला. आई, छोटी इलेक्ट्रिक गाडी घे. क्लच नाही, गिअर नाही, डाव्या पायाला कामच नाही. खाली पार्किंगमध्ये प्लग बसवून घेऊ, मोबाईलसारखी लावून ठेवायची. आणि नवीन घे, जुनी घेऊ नकोस. जुन्या गाडीत बॅटरी किती शिल्लक आहे देव जाणे, आणि ती गेली तर दुसरी घालण्यापेक्षा गाडी परवडते.

मला काय, सोन्याहून पिवळं. नव्या गाडीला बाजूचा ब्रेक नसतो. कोणी कोणाला काही न सांगता प्रश्न मिटत होता.

यांना मात्र विजेची गाडी म्हटल्यावरच कपाळाला आठी. हे कानाने गाडी शिकवायचे. इंजिन काय म्हणतंय ते ऐक, ते रडायला लागलं की गिअर बदल, असं सांगायचे. डोळे गेल्यावर तर सगळा कारभार कानांवरच आला होता. जी गाडी तोंडच उघडत नाही तिच्याशी बोलायचं काय, हा त्यांचा सवाल होता. मी म्हटलं, माझ्या गुडघ्याशी बोला, तो उत्तर देईल. मग तयार झाले.

शोरूममध्ये गेलो. काचा इतक्या लख्ख पुसलेल्या, की हे दार समजून एका काचेवर आपटणार होते, मी दंड धरला. तिथल्या टाय लावलेल्या मुलीने आम्हाला पांढरी छोटी गाडी दाखवली आणि चक्कर मारायला मागे बसली. मी चालवायला, हे बाजूला. मी बटण दाबलं. हे म्हणाले, लाव की चालू. मी म्हटलं, चालू आहे. आम्ही निघालो तेव्हा यांना ते टायरच्या आवाजावरून समजलं असावं, कारण सीटची कड त्यांनी घट्ट धरली.

गाडी छान होती, खोटं कशाला बोलू. ॲक्सिलरेटर सोडला की आपोआप हळू व्हायची, गुडघ्याला काही म्हणजे काही काम नव्हतं. पण पहिल्या सिग्नलला यांचा पाय पुढे गेला आणि नुसत्या मॅटवर आपटला. धप्प. दुसऱ्या सिग्नलला परत धप्प. मागून ती मुलगी म्हणाली, काका, काही त्रास होतोय का? तिचं काही चुकलं नाही बिचारीचं. पण हे एवढेसे झाले. पुढे सगळा वेळ दोन्ही हातांनी आपला गुडघा धरून बसले होते, पाय पुढे जाऊ नये म्हणून. मी समोर बघून गाडी चालवत होते आणि मला ते हात दिसत होते.

घरी आल्यावर म्हणाले, नव्याचे नऊ दिवस. काय घाई आहे, जुनी बघू एखादी.

आणि नेमकी ती जुनी चालत आली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी भोंग्याचं गॅरेज आहे. भोंगा म्हणजे यांचाच विद्यार्थी. शिकत असताना ब्रेकऐवजी हॉर्न दाबायचा, तेव्हापासून ते नाव चिकटलंय. आता तो इलेक्ट्रिक गाड्याही दुरुस्त करतो, पण हॉर्नऐवजी तोंड वाजवतो एवढाच फरक. तो घरी येऊन सांगून गेला, की एक ड्रायव्हिंग स्कूल बंद होतंय आणि त्यांची छोटी इलेक्ट्रिक गाडी विकायची आहे. निम्म्याहून कमी पैशात. गाडी शिकाऊंची आहे, पण शिकाऊ लोक काय वेगाने चालवतात थोडेच. आणि मग यांच्याकडे बघून म्हणाला, मास्तर, बाजूचा ब्रेक आहे तिला.

हे एकदम ताठ बसले. कित्येक महिन्यांत असे बसलेले मी बघितले नव्हते. मी चहा ठेवायला आत गेले.

मग आठवडाभर घरात जे चाललं त्याला ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात. लेक फोनवर बॅटरीबद्दल बोलायची. हे म्हणायचे, बॅटरी भोंग्याने मोजलीय, पाचातले चार हिस्से शाबूत आहेत, हॉस्पिटलला जाऊन येऊन वर बाजार होईल. लेक वॉरंटीबद्दल बोलायची. हे म्हणायचे, माझी वॉरंटी संपलीय, गाडीची कशाला हवी. सीटच्या कापडावर बोलणं झालं, रंगावर झालं, टायरवर झालं. ब्रेकचं नाव यांनीही काढलं नाही आणि मीही नाही. मी मधल्यामध्ये मान हलवत बसायचे. लेक शेवटी वैतागली. म्हणाली, आई, चालवणार तू आहेस, तुला काय हवंय ते तरी सांग. मी म्हटलं, मला झोप हवीय.

तिला वाटलं मी चेष्टा करतेय.

गाडी बघायला गेलो. फिकट निळी, मागच्या काचेवर शिकाऊचा स्टिकर काढल्याचा चिकट चौकोन. ड्रायव्हरची सीट चांगली होती, कारण तिथे रोज वेगळं माणूस बसायचं. बाजूची सीट मात्र पार बसलेली. आणि तिच्यापुढच्या मॅटला, जिथे टाच टेकते तिथे, भोक पडलेलं. कुणीतरी दुसरे मास्तर तिथे वर्षानुवर्षं टाच टेकून बसले असणार. आमचे हे आत बसले. हाताने चाचपलं नाही, वाकून बघितलं नाही, पाय सरळ त्या भोकावर गेला आणि पुढचा तळवा पेडलवर. मग एक श्वास सोडला. बाहेर गेलेला माणूस घरी येऊन चपला काढतो तेव्हा सोडतो, तसला.

मी तो चेहरा बघितला आणि माझ्या तोंडून निघालं, "हीच घेऊ."

घरी येऊन मी स्वतःवर इतकी चिडले की भांडी आपटली. एवढं सगळं करून मी परत तोच ब्रेक विकत घेतला होता, तोही आपणहून. दुसऱ्यांना चावायला दात करून देते आणि स्वतःच्या तोंडून वेळेला एक शब्द निघत नाही. हे आत रेडिओ ऐकत होते. मधेच विचारलं, काय पडलं? मी म्हटलं, झाकण. पडलं नव्हतं काहीच, पण आमच्या घरात त्या दिवसांत कुत्री आणि झाकणं अशी मनानेच येत-जात होती.

लेकीला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, बाबांसाठी घेतलीस ना. मी म्हटलं, रंग आवडला.

शेवटी मला एक वाट सुचली. गाडी अजून भोंग्याकडेच होती, तो टायर बदलून देणार होता. मी ठरवलं, गुपचूप त्याच्याकडे जायचं आणि ती दांडी काढायला सांगायची. पेडल जागेवर राहू दे, यांचा पाय त्यावर राहू दे, हवं तेवढं दाबू देत, पण खाली ते कशालाच जोडलेलं नको. यांना फसवायचं, हो. संसारात इतकी वर्षं खरं बोलून जे जमलं नाही ते एका खोट्याने जमत असेल तर का नाही? असं मी रस्ताभर स्वतःला सांगत होते. तरी पाय जड झाले होते. आंधळ्याच्या हातातली काठी काढून कागदाची सुरळी द्यायची, तसलंच काहीतरी मी करायला निघाले होते.

लॅबमधून लवकर सुटून मी गॅरेजमध्ये गेले. भोंगा गाडीखालून सरकत बाहेर आला. मी इकडचं तिकडचं काही बोलले नाही, नाहीतर धीर सुटला असता. सरळ सांगितलं, बाजूच्या ब्रेकची दांडी काढून टाक, पेडल राहू दे, आणि मास्तरांना यातलं अक्षर कळता कामा नये.

भोंगा हाताचं ग्रीस पुसायला लागला, ते निघेना तरी पुसत राहिला.

"काकू," तो म्हणाला, "ती दांडी नाहीये आता. मास्तर परवा येऊन काढायला सांगून गेले."

परवा हे केस कापायला म्हणून गेले होते. तसेच परत आले, तेव्हा म्हणाले की गर्दी होती. गल्लीच्या तोंडापर्यंत भिंत धरत एकटे गेले असणार.

मी विचारलं, काय म्हणाले? भोंग्याला सांगावं की नको ते कळेना. मग म्हणाला, "म्हणाले, कुत्रं नव्हतंच रे. मला दिसत नाही आता. दांडी काढ, पण पेडल राहू दे आणि तिला सांगू नकोस. मी बाजूला ब्रेकवर आहे असं वाटलं की ती धीराने चालवेल."

मला आधी राग आला. धीर मला? मी धीर धरून धरून अर्धी झाले, आणि हे मला धीर द्यायला निघालेत. मी यांच्यासाठी पेडल ठेवायला आले, आणि हे माझ्यासाठी ठेवून गेले होते. कुत्रं नव्हतं हे यांना पहिल्यापासून माहीत होतं. मला वाटत होतं मी एकटीच ते ओझं वाहतेय. दोघं एकाच घरात, एकाच टेबलावर जेवत होतो, आणि दोघंही एकमेकांपासून तेच एक लपवत होतो. मग रागाचं काय झालं कळलं नाही, मी तिथल्या जुन्या टायरवर बसले आणि रडले. चांगली तोंडाला पदर लावून रडले. भोंगा दुसरीकडे बघत एक पाना पुसत होता, आणि कधी नव्हे तो गप्प होता.

उठताना मी त्याला म्हटलं, मी आले होते हे त्यांना सांगू नकोस. तो म्हणाला, काकू, मी आता कुणाला काय सांगायचं नाहीये याची यादीच करतो.

पुढच्या तपासणीला आम्ही नव्या जुन्या गाडीतून निघालो. हे बसले, टाच त्या भोकात, पाय पेडलवर. बटण दाबल्यावर विचारलं, झाली चालू? मी म्हटलं, झाली. म्हणाले, बरं, मी आहे इथे. मी म्हटलं, माहितीय.

पहिला सिग्नल आला. डोळ्याच्या कोपऱ्यातून मला दिसलं, यांनी पेडल दाबलं. माझ्या पायाखालचं पेडल हललं नाही. ते होतं तिथेच होतं, माझी वाट बघत. मी दाबलं, गाडी थांबली. त्यांनी हळूच पाय सैल केला. दुसऱ्या सिग्नललाही तसंच. तिसऱ्याला मी जरा उशीर केला तर म्हणाले, वेळेवर दाबत जा, प्रत्येक वेळी मी सांभाळून घेणार नाही. इतक्या गंभीरपणे म्हणाले, की मला हसू आवरेना, आणि ते आवरताना डोळे भरून आले. मी म्हटलं, चुकलं माझं, लक्ष ठेवते.

खरं सांगते, मला भीती वाटत होती. शोरूममधली ती चक्कर सोडली, तर दांडी नाही हे माहीत असताना पहिल्यांदाच मी यांना शेजारी घेऊन चालवत होते. एवढे दिवस तो ब्रेक नको नको म्हणत होते, आणि आता गर्दीत शिरताना एकदा वाटून गेलं, की असता तर बरं झालं असतं. म्हणजे यांचंही अगदीच चुकलं नव्हतं.

हॉस्पिटलच्या अलीकडे रस्ता अरुंद होतो. कडेला एक ॲम्ब्युलन्स उभी होती, यांच्या बाजूला. तिच्या पुढून अचानक एक व्हीलचेअर रस्त्यावर आली. ढकलणारी बाई मान मागे वळवून कोणाशी तरी बोलत होती, आणि चेअरमध्ये एक म्हातारे गृहस्थ मांडीवर फाईल घेऊन बसलेले. मी दाबला. पूर्ण पाय दाबला. पट्ट्याने आम्हाला दोघांनाही मागे खेचलं आणि गाडी जागच्या जागी उभी राहिली. आमच्यात आणि त्या चेअरमध्ये जेमतेम हातभर जागा होती.

यांचा पाय हलला नव्हता. मी बघितलं ना. तो पेडलवर नुसता टेकलेला होता. त्यांना काही दिसलंच नव्हतं. झटका बसल्यावर मान उचलली, समोर बघत राहिले, आणि चेअर सरकत सरकत अगदी नाकासमोर आली तेव्हा कुठे ती त्यांना दिसली. त्या गृहस्थांनी आमच्याकडे बघून हात वर केला. यांनीही केला. मी वाट बघत होते, आता म्हणतील, मी दाबला म्हणून वाचलो. म्हणू देत, मी हो म्हणायचं ठरवलं होतं.

ते काही बोलले नाहीत. मी गाडी आत घेतली, झाडाखाली एक जागा होती तिथे सरळ लावली. बटण दाबून बंद केली. बंद झाली हेही ऐकू येण्यासारखं नव्हतं, म्हणून मी सांगितलं, झाली बंद. हे उतरले नाहीत. समोरच्या भिंतीकडे बघत बसले. पट्टा काढला नाही. मीही काढला नाही. दोघांनाही दमल्यासारखं झालं होतं.

मग घसा खाकरून, पूर्वी इमारतीखाली गाडी थांबल्यावर बोलायचे त्याच आवाजात, म्हणाले, "आज माझा पाय सीटखाली होता."

मी खाली बघितलं. पाय पेडलवरच होता, टाच त्या भोकात. माझी नजर कुठे गेली हे त्यांना दिसत नव्हतं.

"मला कळलंच नाही, मास्तर," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. कळू नये म्हणूनच होता, असं काहीतरी पुटपुटले, पण ते पुरतं निघालं नाही. मी त्यांचा पट्टा सोडला, उतरले, आणि पलीकडून जाऊन त्यांचं दार उघडलं.